विनामूल्य ग्रंथसामग्री : दात्याचा सद्भाव आणि घेणाऱ्याचा हक्क

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला आज जी ग्रंथसंपदा घरबसल्या उपलब्ध होते, तिची कल्पनाही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला करता आली नसती. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहितेची १९४१ सालची निर्णयसागर आवृत्ती, डल्हणाच्या निबंधसंग्रहासह १९३८ साली त्याच मुद्रणालयातून निघालेली सुश्रुतसंहिता आणि अरुणदत्त व हेमाद्री यांच्या टीकांसह पंडित हरिशास्त्री पराडकर यांनी सिद्ध केलेले १९३९ सालचे अष्टांगहृदय हे ग्रंथ पूर्वी मोठ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, तेही कुलूपबंद कपाटात पाहावयास मिळत. आज त्यांची छायांकित पाने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उघडतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेने संहिता आणि निघंटू शब्दशोधाच्या सोयीसह संगणकावर आणले आहेत. जामनगर येथे चरकसंहितेची नवी इंग्रजी आवृत्ती सर्वांना खुली करण्यात आली आहे. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. याखेरीज कितीतरी अध्यापक आणि चिकित्सक आपली व्याख्याने, श्लोकपठणाच्या ध्वनिफिती, वनस्पतींची छायाचित्रे आणि स्वहस्ते तयार केलेली टिपणे कोणताही मोबदला न घेता सर्वांपुढे ठेवीत असतात.

या समृद्धीबरोबर एक नवी वृत्तीही आपल्या व्यवसायात शिरली आहे, आणि तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विनामूल्य दिलेल्या व्याख्यानमालेचा सहावा भाग वेळेवर आला नाही, तर 'उत्तर द्या' असा रोखठोक तगादा लागतो. टिपणांत पाच अध्याय असतील, तर उरलेले का नाहीत याचा जाब विचारला जातो. छायांकित ग्रंथाची फाइल मोठी झाली, अक्षर बारीक आले, भाषांतर हिंदीत आहे आणि मराठीत नाही, अशा तक्रारी आभाराच्या एका शब्दावाचून येतात. 'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण आपल्याकडे पूर्वापार आहे. तेव्हा स्वभाव जुना, क्षेत्र तेवढे नवे, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु दाते निमूटपणे काम थांबवू लागले, तर नुकसान दात्याचे होत नाही, ते पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्याचे होते. म्हणून हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

फुकट, विनामूल्य आणि मुक्त

मराठीत या व्यवहारासाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा सारख्या नाहीत. 'फुकट' या शब्दाला वाया गेल्याचा वास आहे. श्रम फुकट गेले, असे आपण म्हणतो. 'विनामूल्य' म्हणजे ज्याचे मूल्य घेतले नाही ते, मूल्य नसलेले नव्हे. 'मुक्त' हा शब्द आणखी वेगळा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त संगणकप्रणालीची चळवळ घोषित केली, तेव्हा त्यांचा भर किमतीवर नव्हता. प्रणाली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य हा त्यांचा मुद्दा होता. पुढे २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने लेखन, चित्र, संगीत यांसाठी साधे परवाने तयार केले. कोणी 'श्रेय द्या आणि वापरा' म्हणतो, कोणी 'व्यापार करू नका' अशी अट घालतो, कोणी 'फेरफार करू नका' असे सांगतो. म्हणजे विनामूल्य वस्तूलाही अटी असू शकतात आणि त्या अटी हेच तिचे मोल असते.

आणखी एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. मोठ्या कंपन्या जी टपालसेवा, शोधयंत्रे आणि चित्रफितींची संकेतस्थळे 'फुकट' देतात, ते दान नसून सौदा आहे. आपण पैसे देत नाही, पण आपले लक्ष आणि आपली माहिती देतो. त्यांवर जाहिरातींचा व्यवसाय उभा राहतो. अशा सौद्यात ग्राहकाने तक्रार करणे रास्तच आहे. घोटाळा असा झाला की, या सौद्याची लागलेली सवय आपण दानालाही लावली. पडदा तोच, बटण तेच. त्यामुळे समोर कंपनी आहे की रात्री दवाखाना बंद केल्यावर टिपणे लिहिणारा एक वैद्य आहे, हा फरक पाहणाऱ्याला दिसेनासा झाला. गैरसमजाला खतपाणी मिळेल अशा घटनाही घडल्या. २०२०च्या नोव्हेंबरात यूट्यूबने आपल्या अटी बदलल्या आणि जे सदस्य उत्पन्नाच्या भागीदारीत नाहीत, त्यांच्या चित्रफितींवरही जाहिराती दाखवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्या जाहिरातींतील पै-पैसाही अशा सदस्याला मिळत नाही. तरीही जाहिरात दिसली की प्रेक्षक 'वैद्यराजांची चांगली कमाई चालली आहे' असे बोलून मोकळा होतो.

प्रत काढणे आणि प्रत शुद्ध करणे

संगणकावरील फाइलची दुसरी प्रत काढावयास काही खर्च येत नाही, हे खरे. यावरूनच 'त्यांचे काय जाते?' हा प्रश्न निघतो. पण पहिली प्रत तयार करताना काय जाते, ते पाहिले पाहिजे. छापील पानाचे छायांकन म्हणजे केवळ चित्र. त्यात 'गुडूची' हा शब्द शोधता येत नाही. शोध घेता यावा म्हणून पाठ टंकित करावा लागतो किंवा यंत्राकडून ओळखून घ्यावा लागतो. यंत्र देवनागरी वाचताना 'घृत'चे 'धृत' करते, 'भल्लातक'चे 'मल्लातक' करते, 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल करते. जुन्या छपाईतील जोडाक्षरे, टीकेचा बारीक टाइप आणि तळटीपांतील पाठभेद यांत तर त्याची फारच तारांबळ उडते. हे सारे जाणत्या माणसाने ओळीवर बोट ठेवून तपासावे लागते. समजा, पाचशे पानांचा ग्रंथ आहे आणि एका पानाला पंधरा मिनिटे लागली, तर सव्वाशे तास होतात. रोज रुग्ण तपासून उरलेल्या वेळात एक तास दिला, तरी चार महिने गेले.

हे श्रम अनावश्यक आहेत, असे कोणी वैद्य म्हणणार नाही. चार कर्षांचे एक पल होते. प्रचलित मानाने कर्ष १२ ग्रॅम आणि पल ४८ ग्रॅम धरतात. योगातील 'कर्ष' या जागी 'पल' पडले, तर द्रव्य चौपट झाले. तेव्हा विनामूल्य पाठातील चूक ही केवळ शुद्धलेखनाची चूक नसते. येथेच वाचकाच्या हक्काला एक खरी बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. 'फुकट दिले आहे, चुका चालवून घ्या' ही सबब औषधाच्या मात्रेपुरती तरी देता येणार नाही. पाणपोईवरचे पाणी थंड का नाही, असे विचारणे अशिष्ट आहे. पाणी स्वच्छ आहे का, असे विचारणे मात्र अशिष्ट नाही.

ग्राहक कोण?

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ सालचा कायदा २०२० पासून लागू झाला. वजनात मारणाऱ्या दुकानदाराला जाब विचारण्याचे धैर्य सामान्य माणसाला या चळवळीने दिले, हे तिचे मोठेच उपकार आहेत. परंतु याच कायद्याने ग्राहक या शब्दाची व्याख्या मोबदल्याशी जोडली आहे आणि विनामूल्य दिलेली सेवा 'सेवे'च्या व्याख्येतून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली भारतीय वैद्यक संघटना विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात याचा खुलासा केला. जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते तेथे हा कायदा लागू होत नाही. जेथे काहींकडून शुल्क घेतले जाते, तेथे विनामूल्य उपचार घेणाऱ्यांनाही त्याचे संरक्षण मिळते, असा तो निर्णय आहे. हा निर्णय रुग्णोपचारासंबंधीचा असला, तरी त्यामागील विवेक आपल्या विषयासही उपयोगी पडतो. मोबदला, मग तो उघड असो वा आडवाटेचा, जेथे आहे तेथे हक्क आहे. जेथे तो मुळीच नाही, तेथे घेणारा ग्राहक नसून प्रतिग्रहीता आहे.

यात एक उपभेद करावा लागेल. शासकीय संस्थांनी खुली केलेली सामग्री ही जनतेच्या करातून झालेली असते. ती नीट चालावी, शुद्ध असावी, बंद पडू नये, अशी मागणी करण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे आणि तो बजावलाही पाहिजे. खाजगी व्यक्तीने स्वतःच्या वेळातून दिलेल्या वस्तूला मात्र हीच मोजपट्टी लावता येत नाही. दुर्दैवाने प्रत्यक्षात उलटे घडते. शासकीय संकेतस्थळ महिनाभर बंद राहिले तरी कोणी पत्र लिहीत नाही आणि एखाद्या अध्यापकाने दोन दिवस उत्तर दिले नाही, तर त्याला अपशब्द ऐकावे लागतात.

संहितेतील दोन वचने

आयुर्वेदाला हा विषय नवा नाही. चरकाच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, आयुर्वेदसमुत्थानीय रसायनपादात, या संबंधाच्या दोन्ही बाजू जवळजवळ ठेवलेल्या आहेत. वैद्याने अर्थासाठी किंवा कामासाठी नव्हे, तर भूतदयेने चिकित्सा करावी, आणि जो चिकित्सेला विक्रीचा माल करतो तो सोन्याची रास सोडून धुळीचा ढीग जवळ करतो, असे तेथे सांगितले आहे. हे वचन सर्वांना पाठ असते. त्याच प्रकरणातील दुसरा विचार तितका उच्चारला जात नाही. चिकित्सा करून घेतलेला मनुष्य, त्याने आधी काही देण्याचे कबूल केलेले असो वा नसो, वैद्याची परतफेड करीत नसेल, तर त्याला निष्कृती नाही, असा त्याचा आशय आहे.

वरवर पाहता या दोहोंत विरोध वाटतो. वैद्याने मागू नये आणि रुग्णाने दिल्यावाचून राहू नये, हे एकत्र कसे बसावे? आमच्या मते येथे विरोध नाही, कारण ही दोन वचने दोन भिन्न माणसांना उद्देशून आहेत. पहिले वैद्याने स्वतःसाठी वाचावयाचे आहे, दुसरे रुग्णाने स्वतःसाठी. बिघाड होतो तो प्रत्येकाने दुसऱ्याचे वचन वाचावयास घेतले म्हणजे. रुग्ण वैद्याला भूतदया शिकवू लागतो आणि वैद्य रुग्णाला निष्कृतीचा धाक घालू लागतो. विनामूल्य सामग्रीच्या बाबतीतही हेच घडताना दिसते. घेणारा म्हणतो, 'ज्ञान विकू नये'. देणारा म्हणतो, 'कृतज्ञता उरली नाही'. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि दोघांनीही ते चुकीच्या माणसाला ऐकविलेले असते.

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक जी विनंती करीत, तिचे येथे स्मरण होते. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टी खाली खिळवून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, याचे यत्नाने रक्षण करा. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून याला जपा, अशा अर्थाचे श्लोक शेकडो पोथ्यांत आढळतात. त्या लेखनिकाने वाचकाकडे पैसे मागितले नाहीत, स्तुतीही मागितली नाही. कष्ट झाले हे सांगितले आणि वस्तू सांभाळा एवढेच मागितले. विनामूल्य देणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, याचा याहून नेमका नमुना आम्हांस दुसरा आढळला नाही.

चतुष्पाद

सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चार पाद आणि प्रत्येकाचे चार असे सोळा गुण सांगितले आहेत. यश हे चारही पादांवर अवलंबून असते, हा त्यातील मर्माचा विचार आहे. तोच येथे लावून पाहू.

पहिला पाद दात्याचा. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा अनुभव, दाक्ष्य आणि शौच हे वैद्याचे गुण त्यालाही लागू आहेत. कोणती आवृत्ती घेतली, कोणते पाठभेद सोडले, आपले मत कोठे आणि संहितेचे वचन कोठे, हे स्पष्ट लिहिणे म्हणजेच येथील शौच होय.

दुसरा पाद द्रव्याचा, म्हणजे सामग्रीचा. ती विपुल असावी, योग्य असावी, अनेक कल्पनांत उपयोगी पडावी आणि तिची संपत् टिकावी. टिकण्याचा प्रश्न फार मोठा आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात लाखो जुनी पुस्तके छायांकित झाली. कालांतराने ते मूळ संकेतस्थळ बंद पडले. त्यांतील पुष्कळ पुस्तके आज आपल्याला दिसतात, ती मुख्यतः ब्रूस्टर काहल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापिलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'ने त्यांच्या प्रती ठेवल्या म्हणून. आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्या संस्थेवरही संगणकीय हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख सदस्यांची माहिती उघडी पडली आणि काही दिवस ग्रंथालय बंद राहिले. विनामूल्य म्हणून जे गृहीत धरले जाते, ते किती थोड्या आधारांवर उभे असते, हे यावरून कळावे.

तिसरा पाद उपस्थात्याचा. परिचारक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्याच्यावाचून चिकित्सा अडते. संगणकाच्या जगातील एक उदाहरण बोलके आहे. पैशांचे व्यवहार आणि खाजगी निरोप गुप्त राखणारी 'ओपन एसएसएल' ही मुक्त प्रणाली जगातील असंख्य संकेतस्थळे वापरीत होती. २०१४च्या एप्रिलात तिच्यातील 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा लोकांच्या ध्यानी आले की तिच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाकाठी येणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ती विनामूल्य वापरीत होत्या. दोष निघाल्यावरच त्यांनी निधी उभारला. आपल्या क्षेत्रातही संहितेचे संकेतस्थळ चालू ठेवणारा, नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर भरणारा, चुकांची पत्रे वाचून पाठ दुरुस्त करणारा कोणीतरी असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

चौथा पाद घेणाऱ्याचा. रोग्याच्या चार गुणांत 'मुकाट्याने सहन करणे' हा गुण नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते चार गुण. स्मृती म्हणजे हे कोणाकडून मिळाले याचा विसर न पडणे. निर्देशकारित्व म्हणजे दात्याने घातलेल्या अटी पाळणे. अभीरुत्व म्हणजे दोष दिसला तर न कचरता सांगणे. आणि ज्ञापकत्व म्हणजे तो दोष नेमका कोठे आहे, हे स्थान, अध्याय आणि श्लोकांक देऊन कळविणे. 'तुमच्या फाइलमध्ये खूप चुका आहेत' ही तक्रार झाली. 'अमुक अध्यायातील अमुक श्लोकात घृतचे धृत झाले आहे' ही सेवा झाली. दोहोंत फरक आवाजाचा नाही, श्रमाचा आहे.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सद्भावाच्या नावाखाली चालणाऱ्या एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. हयात लेखकांची नवी पाठ्यपुस्तके छायांकित करून विद्यार्थ्यांच्या गटांत वाटणे हे दान नव्हे. जे आपले नाही, ते देण्यात औदार्य कसले? भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मूळ संहिता कोणाच्या मालकीच्या नाहीत, हे खरे. परंतु त्यांवरील आजचे भाषांतर, भाष्य, आकृत्या आणि संपादन हे त्या लेखकाचे असते. आयुर्वेदाच्या मराठी ग्रंथांच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात. त्यांच्या शंभर प्रती न खपल्या, तर प्रकाशक पुढच्या आवृत्तीचा विचार सोडून देतो. 'विद्यार्थी गरीब आहेत' हे कारण विचार करण्याजोगे आहे, पण त्यावर उपाय ग्रंथालयात अधिक प्रती ठेवणे, जुनी पुस्तके पुढच्या वर्गाकडे देणे, लेखकाकडेच सवलत मागणे असे आहेत.

याच्या उलट प्रकारही आढळतो. कोणी विनामूल्य दिलेली टिपणे किंवा छायाचित्रे उचलून, त्यावरील नाव पुसून स्वतःचे नाव घातले जाते आणि वर किंमतही लावली जाते. व्यापार करू नये एवढीच अट घालणाऱ्या दात्याचा यात दुहेरी अवमान होतो. नाव राखणे हा विनामूल्य सामग्रीवरचा एकमेव कर आहे. तो चुकविणाऱ्याला सवलत नको.

विकिपीडियाचा धडा

हक्क आणि सहभाग यांतील अंतर दाखवणारी एक घटना आपल्या क्षेत्रातीलच आहे. विकिपीडिया हा २००१ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी लिहिलेला आणि सर्वांना विनामूल्य असलेला ज्ञानकोश आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. इंग्रजी विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक लेखात या शास्त्राचे वर्णन छद्मविज्ञान असे केल्यामुळे वैद्यवर्गात तीव्र नाराजी आहे आणि ती समजण्याजोगी आहे. आयुर्वेदिक औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेने या लेखाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०२२च्या ऑक्टोबरात न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला आणि तुम्ही लेखात संपादन करू शकता, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले.

ते संपादन वाटते तितके सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे स्वतःचे मत किंवा अनुभव चालत नाही. वैद्यकीय विधानाला प्रतिष्ठित नियतकालिकांतील समीक्षात्मक लेखांचा आधार लागतो, आणि मतभेद झाल्यास तो चर्चापानावर संयमाने मांडावा लागतो. म्हणजे अखेर प्रश्न संशोधन प्रसिद्ध करण्यापाशी आणि चिकाटीने लिहिण्यापाशी येऊन थांबतो. स्वयंसेवकांच्या कामाविषयी रोष व्यक्त करणारे हजारो निघतात; मराठी विकिपीडियावर एका वनौषधीचा साधार, संदर्भयुक्त लेख लिहिणारे किती निघतील? जेथे लेखणी सर्वांच्या हाती ठेवलेली आहे, तेथे केवळ ग्राहक म्हणून उभे राहण्यात आपलीच हानी आहे.

सामग्री आणि सल्ला

चिकित्सकाच्या दृष्टीने एक सीमारेषा आखणे अत्यावश्यक आहे. ऋतुचर्येवरील व्याख्यान सर्वांसाठी असते. 'मला हे औषध किती दिवस घ्यावे?' या प्रश्नाचे उत्तर एकासाठी असते. पहिले ज्ञानसामग्रीत मोडते, दुसरे चिकित्सेत. व्याख्यान विनामूल्य दिले म्हणून प्रत्येक श्रोत्याला रात्री-अपरात्री विनामूल्य सल्ल्याचा हक्क मिळत नाही. शिवाय प्रकृती, अग्नी, बल, वय, चालू औषधे यांचा विचार न करता दोन ओळींत दिलेला सल्ला रुग्णाच्या हिताचा नसतो. दूरस्थ चिकित्सेसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे आयुर्वेदाच्या चिकित्सकांसाठी २०२० साली आली आहेत. त्यानुसार रीतसर तपासणी, नोंद आणि योग्य शुल्क यांसह सल्ला द्यावा. सद्भाव आहे म्हणून नकार देऊ नये, असे नाही. उलट नेमक्या वेळी दिलेला नकार सद्भावाला दीर्घायुषी करतो. वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत मैत्री, कारुण्य आणि प्रीती यांच्याबरोबर उपेक्षाही सांगितली आहे. शास्त्रात तिचा विषय वेगळा असला, तरी उर्मट पत्राला उत्तर न देणे हे तिचे आजचे एक निरुपद्रवी रूप मानावयास हरकत नसावी.

काय करता येईल

देणाऱ्यांना आमची विनंती अशी की, सामग्रीच्या पहिल्याच पानावर चार गोष्टी लिहाव्यात : मूळ आवृत्ती कोणती, वापराच्या अटी कोणत्या, चुका कोठे कळवाव्यात आणि काम कोठपर्यंत करण्याचा संकल्प आहे. 'पाच अध्याय देणार आहे' असे आधीच सांगितले, तर सहाव्याचा तगादा कमी होईल. निदान दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि आपल्यामागे हे कोण पाहील, याची तजवीज करावी.

घेणाऱ्यांना विनंती अशी की, प्रश्न विचारण्यापूर्वी ते पहिले पान वाचावे. नावासह पुढे पाठवावे. शक्य असेल त्याने वर्षातून एकदा काही रक्कम द्यावी; शक्य नसेल त्याने श्रम द्यावेत. परतफेड दात्याकडेच झाली पाहिजे, असेही नाही. ज्याने टिपणांवर परीक्षा दिली, त्याने पुढे स्वतःची टिपणे शुद्ध करून खुली केली, तर ऋण फिटले असे आम्ही समजू.

आणि संघटनेच्या शाखांपुढे एक छोटा हिशेब ठेवतो. चरकसंहितेचे अध्याय १२०, सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्रातील ६६ धरून १८६ आणि अष्टांगहृदयाचे १२०, एकूण ४२६. बृहत्त्रयीच्या या तीन ग्रंथांच्या विनामूल्य पाठांपैकी एकेक अध्याय एकेका वैद्याने छापील आवृत्तीशी ताडून पाहिला आणि आढळलेल्या अशुद्धी श्लोकांकासह संबंधित संस्थेला किंवा संपादकाला कळविल्या, तर ४२६ वैद्यांच्या काही सायंकाळींत हे काम पार पडेल. शाखेने अध्याय वाटून द्यावेत, तीन महिन्यांची मुदत ठेवावी आणि तपासणाऱ्याचे नाव यादीत नोंदवावे. ज्या पाठावर आपली पिढी अभ्यास करीत आहे, तो शुद्ध करून पुढच्या पिढीच्या हाती देणे एवढे तरी आपल्याला साधावे. इत्यलम्.